निळा बिल्ला, हिरवा बिल्ला

साल दोन हजार सहा. तारीखही सांगते, कारण आमच्या ह्यांनी या कामासाठी नवीकोरी दोनशे पानी वही काढली आणि पहिल्याच पानावर ठसठशीत अक्षरात लिहिलं: "११ जून. दोन जुन्या संगणकांची तुलनात्मक तपासणी. उद्देश: मुलगी दिसणे."

हे वजनमापे खात्यातून निरीक्षक म्हणून निवृत्त झाले होते. 'उद्देश' लिहिल्याशिवाय त्यांचं पेन पुढे सरकत नसे. लग्नात आलेली भांडीसुद्धा ह्यांनी तोलून घेतली होती असं माझी बहीण सगळीकडे सांगते. ते साफ खोटं आहे. तोलली नव्हती. फक्त पातेल्यांत पाणी ओतून मापली होती.

आमची एकुलती एक लेक तेव्हा पाच वर्षं परदेशी होती, एका विद्यापीठाच्या संगणक विभागात. तिच्या कागदपत्रांचं असं काही त्रांगडं होऊन बसलं होतं, की एकदा बाहेर पडली तर पुन्हा आत घेतील की नाही याची कुणी हमी देईना. म्हणून ती येत नव्हती. रविवारी सकाळी नऊला तिचा फोन यायचा. कार्डावरून करायची ती. पंधरा मिनिटं झाली की मधल्या मध्ये कुणीतरी कात्री मारल्यासारखा तो तुटायचा. त्यातली चौदा मिनिटं माझी आणि मधलं एक ह्यांचं.

"बरी आहेस ना?"

"हो बाबा."

"जेवणखाण वेळेवर?"

"हो."

"थंडी?"

"आहे."

"बरं. हिच्याकडे देतो."

बापलेकीत भांडण होतं असं कुणी समजू नये. भांडण असतं तर बरं झालं असतं, निदान बोलले तरी असते. ह्यांना फक्त तिच्याशी काय बोलायचं ते ठाऊक नव्हतं. ती लहान होती तेव्हा तिची उंची दर महिन्याला दारामागे खुणा करून मोजायचे, तेवढंच. ती वाढायची थांबली आणि ह्यांचा विषय संपला.

जूनच्या पहिल्या रविवारी तिने मला सांगितलं, "आई, आमच्या विभागात कॅमेरा बसवलाय. तुमच्याकडे कॉम्प्युटर आला ना, तर मी तुला दिसेन. अगदी हलताना-बोलताना. पण जुलैअखेरपर्यंतच हं. ऑगस्टमध्ये मी नव्या नोकरीवर दुसऱ्या गावी जातेय. तिथे घर कधी मिळेल, नेट कधी लागेल, काही सांगता येत नाही."

फोन ठेवला आणि मी बोटं मोजली. आठ रविवार. पाच वर्षांत माझ्या लेकीचा चेहरा मी फक्त फोटोत पाहिला होता, आणि फोटोत ती नेहमी कुठल्यातरी इमारतीसमोर उभी असे. तिच्यापेक्षा इमारतच मोठी यायची. मला तिचं हसणं बघायचं होतं. हसताना ती आधी उजवी भुवई वर करते आणि मग हसते. हे काही फोटोत येत नाही.

पहिला संगणक चार दिवसांत घरात आला. माझ्या वन्सं, म्हणजे ह्यांची थोरली बहीण, त्यांच्या जावयाने झेरॉक्सचं दुकान बंद केलं होतं. तिथलं हे यंत्र वन्संनी रिक्षातून मांडीवर घेऊन आणलं. त्याच्या पोटावर निळा बिल्ला होता. वन्सं म्हणाल्या, "घरचं आहे. डोळे मिटून वापरा."

डोळे मिटून वापरा, असं वजनमापे निरीक्षकाला सांगणं म्हणजे काय, हे सख्ख्या बहिणीला कळायला हवं होतं.

हे म्हणाले, "एकच वस्तू समोर ठेवून ती चांगली की वाईट हे ठरवताच येत नाही. दुसऱ्या पारड्यात काहीतरी पाहिजे."

दुसऱ्या पारड्यात घालायला ह्यांच्या जुन्या कचेरीत एक यंत्र होतं. तिथे जुने संगणक मोडीत काढत होते आणि सेवानिवृत्तांना अर्ज केल्यावर ते मिळायचे. अर्जासोबत 'सदर यंत्र नादुरुस्त व निरुपयोगी आहे' असा दाखला जोडायचा, एवढंच. ह्यांनी कचेरीत जाऊन त्यातलं एक यंत्र लावून पाहिलं. ते चालू झालं. ह्यांनी प्रामाणिकपणे लिहून दिलं, 'सदर यंत्र सुस्थितीत आहे.'

भांडारपालाने डोक्याला हात लावला. "साहेब, सुस्थितीत आहे म्हणून लिहिलंत तर मला ते मोडीत काढता येत नाही. मोडीत काढलं नाही तर तुम्हाला देता येत नाही."

"मग चालत नाही असं खोटं लिहू?"

"लिहा की! सगळेच लिहितात."

"चालत नसलं तर मी नेऊन करू काय?"

भांडारपाल म्हणाला, की वीस वर्षांत हा प्रश्न त्याला कुणी विचारला नव्हता. दहा दिवस हे रोज डबा घेऊन कचेरीत जायचे, जणू निवृत्त झालेच नव्हते. शेवटी तोड निघाली ती अशी: यंत्र ह्यांना द्यायचं नाही, 'तपासणीसाठी तात्पुरत्या ताब्यात' द्यायचं. तपासणी किती दिवस चालावी हे नियमात कुठेच लिहिलेलं नव्हतं. अशा रीतीने हिरव्या बिल्ल्याचा दुसरा संगणक आमच्या जेवणाच्या टेबलावर येऊन बसला. आम्ही दोघं ताटं मांडीवर घेऊन जेवू लागलो. दोन रविवार गेले होते.

आता या दोघांविषयी चार शब्द सांगायला हवेत, कारण पुढचा महिनाभर आमच्या घरात दुसरं काहीच बोललं गेलं नाही. संगणकाच्या पोटात प्रोसेसर नावाची चपटी चकती असते, सगळा विचार तीच करते. आमच्या दोन्ही चकत्या जुन्या. आणि नव्या होत्या तेव्हाही आपापल्या घराण्यातल्या सगळ्यात स्वस्त. निळ्याच्या कागदावर वेग म्हणून चोवीसशे हा आकडा होता आणि तो धावायचाही चोवीसशेनेच. हिरव्याच्या नावातही चोवीसशे होतं, पण ह्यांनी आत शिरून पाहिलं तर तो धावत होता सोळाशे सदुसष्टने.

ह्यांचा चेहरा लाल झाला. "पाटीवर एक आणि मापात दुसरं? नोकरीत असतो तर तराजू जप्त केला असता!"

त्या रविवारी, म्हणजे पंचवीस जूनला, फोन वाजला आणि मी उचलायच्या आत ह्यांनी उचलला. लग्न झाल्यापासून ह्यांनी आपणहून फोन उचलल्याचं मला आठवत नाही. "बरी आहेस ना" वगैरे काही नाही. थेट, "हे बघ, सोळाशेच्या मालाला चोवीसशेचं नाव द्यायचं, हे तुमच्या शास्त्रात चालतं का?"

पलीकडून ती बोलायला लागली. ह्यांनी पेन उघडलं. तिचं म्हणणं मी रिसीव्हरच्या दुसऱ्या बाजूला कान लावून ऐकलं. "बाबा, तो आकडा वेगाचा नाहीच. एक माणूस भरभर चालतो पण पावलं टाकतो लहान. दुसरा सावकाश चालतो, पण त्याच्या ढांगा मोठ्या. पोचतात दोघं साधारण बरोबरच. म्हणून त्याला त्याच्याएवढं नाव दिलंय."

"साधारण म्हणजे किती?"

"ते तुम्हीच मोजा."

असं निरीक्षकाला सांगू नये. पण ती लेक होती, तिला बापाचं काय माहीत असणार!

पुढे कॅश नावाचा प्रकार निघाला. तो ह्यांना तीनदा समजावूनही समजला नाही. शेवटी ती म्हणाली, "आईला द्या." मला म्हणाली, "आई, हार्ड डिस्क म्हणजे माळा. मेमरी म्हणजे फडताळ. आणि कॅश म्हणजे ओट्यावर हाताशी ठेवलेले चार डबे." मला एका वाक्यात समजलं. ओटा लहान असला की सारखं फडताळापर्यंत जावं लागतं, यात न समजण्यासारखं काय आहे? मी तोंड उघडलं, तिला विचारणार होते की केस कापलेस असं लिहिलंस ते किती कापलेस, आणि फोन तुटला.

माझी चौदा मिनिटं गेली होती. मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे वहीत ओटा काढत होते.

शेजाऱ्यांना बातमी लागायला वेळ लागला नाही, कारण दोन्ही यंत्रं एकदम लावल्यावर सबंध जिन्याचा फ्यूज गेला. वरच्या मजल्यावरचे घड्याळजी अर्धी दाढी केलेल्या अवस्थेत खाली आले. त्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. यंत्रं पाहून ते फ्यूज विसरले, निळ्याला कान लावून म्हणाले, "ह्याची चाल एकसारखी आहे. हाच घ्या." दुसऱ्या दिवशी त्यांनी आपलं सेकंदाच्या दहाव्या भागापर्यंत मोजणारं स्टॉपवॉच आणून दिलं. समोरच्या टायपिंग क्लासच्या बाई आल्या. त्यांच्या क्लासमधल्या मुली संगणक शिकायला निघून गेल्या होत्या, त्यामुळे त्यांना दोन्ही बिल्ल्यांचा सारखाच राग. त्या म्हणाल्या, "माझ्या टाइपरायटरला सुरू व्हायला किती सेकंद लागतात, तेही मोजा की एकदा." ह्यांनी खरोखर वहीत लिहिलं, 'टाइपरायटर: शून्य.' बाई प्रसन्न होऊन गेल्या. वन्सं दर दोन दिवसांनी यायच्या आणि विचारायच्या, "आमचा कसा आहे?" जसं काही तो दवाखान्यात होता.

ह्यांची पद्धत अशी. भिंतीतला विजेचा एकच प्लग, एकच पडदा, खोलीचं तापमान सारखं. प्रत्येक चाचणी पाच वेळा. सगळ्यात जास्त आणि सगळ्यात कमी आकडा टाकून द्यायचा, उरलेल्या तिन्हींची सरासरी. पेट्रोलपंपापासून धान्याच्या दुकानापर्यंत हीच पद्धत त्यांनी वापरली होती, आणि दुकानदार त्यांना घाबरायचे ते दंडामुळे नाही, या पद्धतीमुळे. कारण ती संपायचीच नाही.

मी एकदाच मध्ये पडले. निळ्याच्या पाठीमागून छान गरम वारा यायचा, तिथे मी दोन हातरुमाल वाळत घातले. चूक झाली, मान्य. पण माणसाने किती बोलावं! "सतरावं निरीक्षण बाद! त्याचा श्वास कोंडलास तू! पहिल्यापासून करायला हवं आता." मी म्हटलं, "माझाही श्वास कोंडलाय, चार रविवार झाले. त्याची नोंद कुठल्या पानावर आहे?" ह्यांनी वही खाली ठेवली, चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि वही उचलली. हे त्यांचं उत्तर.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात टपालाने तिचं जाड पाकीट आलं. पाकिटावर तिचं अक्षर. मी हात धुऊन, पदराला पुसून, खिडकीशी बसून ते उघडलं. पत्र नव्हतं. आत एक चकचकीत तबकडी होती आणि तिच्यावर लिहिलं होतं, 'बाबांसाठी: चाचणीची फाइल. खूप मोठी आहे, दोघांचाही घाम निघेल.'

ती तबकडी मी ह्यांच्यापुढे आदळली आणि स्वयंपाकघरात गेले. खोटं कशाला सांगू, डोळ्यांत पाणी आलं होतं. तेवढ्यात बाहेरून हे हाका मारायला लागले. "अगं ये! लवकर ये!"

फाइल म्हणजे तिचा फोटो होता. इमारत नाही, काही नाही. फक्त चेहरा, पडदाभर. आणि तो मोठा म्हणून एकदम उघडत नव्हता. वरून खाली, पट्टीपट्टीने येत होता. आधी केस. मानेपर्यंत कापले होते, समजलं. मग कपाळ. मग भुवया, डोळे. नाकापाशी यंत्र जरा अडलं, घरघरलं, आणि मग ओठ आणि हनुवटी आली. हनुवटीवर एक लहानसा नवा व्रण होता. कधी पडली ही? कुणी सांगितलं नाही मला.

"निळा, एकोणीस सेकंद," हे म्हणाले. मग पडद्याची तार काढून हिरव्याला लावली. "हिरवा, सोळा."

मला निळा जास्त आवडला. तीन सेकंद जास्त लागायचे त्याला. पाच वेळा निळ्यावर, पाच वेळा हिरव्यावर, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा. त्या आठवड्यात माझी लेक चाळीस वेळा माझ्यासमोर केसांपासून हनुवटीपर्यंत आली. भाजी गॅसवर करपली तरी मी उठले नाही. हे समजायचे की मला चाचणीत रस वाटायला लागलाय, आणि मला मोठ्या मानाने हिरव्याचे आकडे वाचून दाखवायचे.

आणि रविवार? रविवार आता सबंध त्यांचा होता. ती तिकडून विचारायची, "बाबा, फोटो किती सेकंदांत?" हे सांगायचे. ती म्हणायची, "अशक्य! पुन्हा मोजा." हे म्हणायचे, "मला मोजायला शिकवतेस?" शेवटचं अर्धं मिनिट माझ्या हाती यायचं. त्यात मी आणि ती एकाच वेळी बोलायचो आणि दोघींनाही काही ऐकू यायचं नाही.

सोळा जुलैच्या रविवारी मी ठरवून उभी राहिले, घड्याळासमोर, हात पुढे करून. सात मिनिटं झाली की रिसीव्हर हिसकावून घ्यायचा. निम्मी निम्मी. न्याय म्हणजे न्याय. सहा मिनिटं झाली. तिकडून ती काहीतरी म्हणाली, आणि हे हसले.

हसले म्हणजे ओठांतल्या ओठांत नव्हे. खांदे हलवून, डोळे मिटून, खुर्चीला टेकून हसले. तिचंही हसणं रिसीव्हरमधून बाहेर सांडत होतं. मला नंतर कळलं, ती म्हणाली होती, "बाबा, तुम्ही दोघांना नापास केलंत तर ते बिचारे जाणार कुठे?" यात एवढं हसण्यासारखं काय आहे, मला आजही समजलेलं नाही. पण पुढे केलेला हात मी मागे घेतला आणि उगीच टेबल पुसायला लागले.

त्या दिवशी माझ्या लक्षात आलं, की हे तपासणी संपवत का नाहीत. आळस नव्हता, विक्षिप्तपणाही नव्हता. म्हणजे विक्षिप्तपणा होताच, पण तेवढाच नव्हता. ज्या दिवशी वहीत 'हिरवा' किंवा 'निळा' असा निकाल लिहिला जाणार, त्याच्या पुढच्या रविवारी ह्यांच्याकडे पुन्हा तीन प्रश्न उरणार होते. बरी आहेस ना, जेवणखाण, थंडी.

पण माझेही दोनच रविवार उरले होते. मी ते स्पष्ट सांगितलं. "शनिवारी निकाल लावा. नाहीतर मी डोळे मिटून एक उचलीन."

"डोळे मिटून?" हे दचकले. शनिवारी दुपारी चार वाजता अंतिम चाचणी ठरली.

वन्सं इस्त्रीचं पातळ नेसून आल्या. घड्याळजी दुकान अर्धा दिवस बंद ठेवून आले. टायपिंगच्या बाई दारातच उभ्या राहिल्या, म्हणजे आपण आत आलो असं होऊ नये म्हणून. मुख्य कसोटी फोटोचीच. ह्यांचा हात अलीकडे थरथरायचा, बटण आणि स्टॉपवॉच दोन्ही जमेना, म्हणून स्टॉपवॉच माझ्या हाती आलं. "हनुवटी पूर्ण दिसली की दाब," हे म्हणाले. "आधी नाही, नंतर नाही."

निळा आधी. एकोणीस.

मग हिरवा. केस, कपाळ, डोळे. भरभर येत होता. ओठ आले, व्रण आला, हनुवटी पुरी झाली. काटा सोळावर होता. हिरवा जिंकला होता, अगदी स्वच्छ. उद्या नऊ वाजता हे फोनवर सांगणार, "हिरवा." ती म्हणणार, "छान." आणि मग?

मी अंगठा उचलून धरला. सतरा. अठरा. समोर माझी लेक पूर्ण दिसत होती आणि मी तिच्याकडे पाहत होते. एकोणीस. दाबलं.

"एकोणीस," मी म्हटलं.

पाचही वेळा मी तेच केलं. तीस वर्षं दुकानदारांचा अंगठा पारड्यावर शोधणाऱ्या माणसाच्या बायकोने, त्याच्या डोळ्यांदेखत, भर चार वाजता खोटं माप दिलं. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. त्यांनी अंगठा पाहिला होता की नाही, मला माहीत नाही. त्यांनी पेन उघडलं आणि लिहिलं, 'दोन्ही समसमान. अधिक तपासणी आवश्यक.' खाली सही केली.

"म्हणजे एवढं करून काहीच नाही?" टायपिंगच्या बाई दारातून म्हणाल्या.

"आमचा हरला तर नाही ना?" वन्संनी विचारलं.

रविवारी ह्यांनी निकाल वाचून दाखवला. ती इतकी हसली, की रिसीव्हर कानापासून दूर धरावा लागला. "बाबा, दोन्ही मुलखाचे मठ्ठ आहेत हो! कुठलाही लावा. पण पुढच्या रविवारी लावा. शेवटचा आहे. मला तुम्हाला बघायचंय."

मला वाटलं, आता म्हणेल, 'आणि आईला.' ती नाही म्हणाली. ह्यांनी रिसीव्हर माझ्याकडे दिला, तेव्हा त्यात पुरती पाच मिनिटं शिल्लक होती.

मग मात्र धावपळ. टेलिफोनवाल्यांनी नेटची पेटी बसवली, बोलणं आणि नेट एकाच तारेवर. घड्याळजींनी कॅमेरा आणून दिला, लिंबाएवढा. शुक्रवारी हे तो हिरव्याला जोडायला बसले आणि तसेच थिजले. कॅमेऱ्याची तार जिथे घुसवायची त्या चपट्या खाचांवर कचेरीचा शिक्का होता. लाखेचा. कुणी सरकारी माहिती बाहेर नेऊ नये म्हणून वजनमापे खात्याने आपल्या सगळ्या संगणकांची भोकं वजनांसारखी सीलबंद केली होती. महिनाभर हे त्या शिक्क्याकडे रोज पाहत होते, पण शिक्का हा त्यांना अडथळा वाटलाच नव्हता. त्यांना तो दागिना वाटायचा.

"तोडा," मी म्हटलं. "सुरी देऊ?"

"शिक्का तोडू? मी?" त्यांचा आवाज असा आला, जसं काही मी त्यांना दरोडा घालायला सांगत होते.

म्हणून निळा. एकशे चौतीस पानं लिहून झाली होती आणि निकाल लाखेच्या चार थेंबांनी लावला. वन्संनी ही बातमी सबंध नात्यात कळवली.

तीस जुलै, सकाळी नऊ. हे इस्त्रीचा शर्ट घालून, भांग पाडून बसले. मी शेजारी. पडद्यावर आधी काळे-करडे चौकोन आले. चौकोन हलले, जुळले, पुन्हा विस्कटले, आणि मध्येच एका क्षणी ते चौकोन माझी लेक झाले. ती डोळे बारीक करून आमच्याकडे पाहत होती.

"आई! बाबा! दिसताय!" तिचा आवाज आधी आला, ओठ नंतर हलले.

मी काय बोलले ते आठवत नाही. बहुतेक "अगं, व्रण कसला" एवढंच. आणि हे? पाच आठवडे फोनवर अखंड बोलणारा हा माणूस पुतळा झाला होता. दोघं एकमेकांना नुसते बघत होते. शेवटी ह्यांनी शर्टाची कॉलर सारखी केली आणि विचारलं, "थंडी?"

तिची उजवी भुवई वर गेली. हसू यायच्या बेतात होतं. आणि चित्र तिथेच थांबलं.

आवाजही गेला. निळ्याने घरघर केली, गरम वारा सोडला आणि हात टेकले. हे बटणांवर बोटं फिरवायला लागले, मी त्यांचा हात धरला. "काही करू नका. राहू दे."

मिनिटभराने टेलिफोन वाजला. ह्यांनी उचलला. "हं," हे म्हणाले. "माझ्या मते निळ्याचा ओटा कमी पडला. हिरवा असता तर टिकला असता. तीन सेकंदांनी सरस आहे तो. माहिती आहे मला." आणि मग दोघं सुरू झाले, पुरती पंधरा मिनिटं.

मी मध्ये पडले नाही. माझ्यासमोर पडदाभर माझी लेक होती, भुवई वर केलेली, आता हसेल अशी. शेजारच्या रिसीव्हरमधून ती खरोखरची हसत होती. मी दोन्ही जुळवून घेतलं.

त्यानंतरचं थोडक्यात. भांडारपाल निवृत्त झाला. तपासणी अजून संपली नाही, त्यामुळे कचेरीच्या दप्तरी हिरवा आजही ह्यांच्या तात्पुरत्या ताब्यात आहे. घड्याळजींनी दुकान मुलाच्या हाती दिलं, तो आता मोबाइल दुरुस्त करतो. टायपिंगच्या बाईंनी क्लासच्या खोलीत संगणक आणलेच शेवटी, पण झाकून ठेवायच्या. वन्सं शेवटच्या आजारात माणसं ओळखेनाशा झाल्या होत्या. मी भेटायला गेले की म्हणायच्या, "निळा आमचा होता बरं का." निळा दोन हजार सहाच्याच डिसेंबरात बंद पडला होता.

ह्यांनी पुढची अकरा वर्षं दर रविवारी लेकीशी बोलण्यासाठी काहीतरी तोलायला काढलं. दोन पंखे, दोन विमा कंपन्या, शेवटी कानाला लावायची दोन यंत्रं. एकाचाही निकाल लावला नाही. ती दोनदा येऊन गेली, दुसऱ्यांदा आली तेव्हा ह्यांना जाऊन चार दिवस झाले होते.

आता माझ्या हातात असा फोन आहे, की बोट लावलं की ती समोर येते. घरघर नाही, पट्ट्या नाहीत. केसांत पांढरं दिसायला लागलंय तिच्या. बोलायला दोघींकडेही फारसं काही नसतं. ती विचारते, बरी आहेस ना, जेवलीस ना. मी गप्प राहिले की ती घाबरते. "आई, अडकलीस का? ऐकू येतंय ना? बोल ना काहीतरी."

मी म्हणते, "अडकले नाही गं. थांब जरा. बघू दे."